खालाचे विशेषण

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशा चार भाषांत आमचा दिवस जातो. उर्दूत 'हम' म्हणायची सवय जडल्यामुळे मराठी लिहायला बसलो की 'मी'च्या जागी 'आम्ही'च कागदावर उतरते. वाचकांनी यात मोठेपणा पाहू नये. जे सांगायचे आहे ते एका लहानशा प्रश्नाबद्दल आहे आणि तो प्रश्न आम्हाला नववीच्या एका मुलीने विचारला होता.

त्या दिवशी नामापासून विशेषण कसे बनते हा धडा चालू होता. फळ्यावर आम्ही दोन रकाने आखले होते. एका बाजूला नाती लिहिली, दुसऱ्या बाजूला त्यांची विशेषणे. फादरचे पटर्नल, मदरचे मटर्नल, ब्रदरचे फ्रॅटर्नल. मुले वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर झाला.

"सर, माँ का मटर्नल, बाप का पटर्नल, भाई का फ्रॅटर्नल. खाला का क्या होता?"

वर्ग हसला. आम्ही मात्र खडू हातात धरून तसेच उभे राहिलो. बी.एड.ला असताना आम्हाला शिकवले होते की, उत्तर येत नसेल तर शिक्षकाने तसे मोकळेपणाने सांगावे. आम्ही परीक्षेत तसे लिहिलेही होते आणि त्याचे गुणही मिळवले होते. पण चाळीस मुलांच्या नजरा तोंडावर असताना ते जमत नाही. "कल बताएंगे" म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्याला विचारले, तर ते म्हणाले, "आंट-लाइक सांगून टाका की. परीक्षेत थोडेच येणार आहे?" त्यांचे बरोबर होते. परीक्षेत येणार नव्हते. पण प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात फारशी तोंड उघडत नाही. ती आपल्या खालाकडे राहते, हे प्रवेशाच्या फॉर्मवरून आम्हाला ठाऊक होते. आणि आम्ही स्वतः खालाच्याच हातचे खाऊन मोठे झालेलो. म्हणून तो प्रश्न आमच्या मनातून काही केल्या जाईना. आमच्या खालाची गोष्ट पुढे येईलच. आधी त्या शब्दाचे काय झाले ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर आम्ही गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो आणि तिथला मोठा इंग्रजी कोश काढून बसलो. तासाभराने शब्द सापडला. मटर्टरल. अर्थ : मावशीचा, मावशीला शोभेल असा.

हा शब्द इंग्रजीत फार दुर्मीळ आहे. खिशात मावणाऱ्या कोशात तो नसतो. आम्ही इतकी वर्षे इंग्रजी वर्तमानपत्र वाचतो, पण हा शब्द कधी आमच्यासमोर आला नव्हता. जे कोणी तो वापरतात ते बहुधा थट्टेच्या सुरात वापरतात. एखादी पोक्त बाई दुसऱ्याच्या मुलाचा चेहरा उतरलेला पाहून विचारते, जेवलास का, अंगात ताप तर नाही ना, आणि उत्तराची वाट न पाहता ताट वाढते. अशा बाईच्या वागण्याला हे भारदस्त लॅटिन विशेषण लावायचे आणि वाचणाऱ्याने हसायचे, असा तो प्रकार आहे. याउलट मामाचे विशेषण पाहा. अव्हन्क्युलर हा शब्द इंग्रजी लेखनात नेहमी भेटतो. एखादा वयस्क पुढारी किंवा डॉक्टर प्रेमाने, समजुतीने बोलतो तेव्हा त्याचे हसणे अव्हन्क्युलर असते. तो कोणाचा सख्खा मामा असायची गरज नाही. मामाचे विशेषण सगळीकडे चालले आणि मावशीचे कोशातच राहिले. असे का झाले असावे? आम्ही त्या शब्दांची मुळे शोधू लागलो, आणि जे हाती लागले ते आम्हाला फार मौजेचे वाटले.

प्राचीन रोमन लोकांची लॅटिन भाषा आपल्यासारखीच होती. तिच्यात आईच्या भावाला एक शब्द, वडिलांच्या भावाला दुसरा, आईच्या बहिणीला तिसरा आणि वडिलांच्या बहिणीला चौथा. मामू म्हणजे अवुन्कुलुस. या शब्दाचा मूळ अर्थ 'छोटे आजोबा' असा होतो. चाचा म्हणजे पात्रुउस. हा पात्रुउस रोममध्ये कडकपणासाठी इतका प्रसिद्ध होता की, उपदेश करणाऱ्या, डोळे वटारणाऱ्या माणसाला सरळ 'चाचा' म्हणत. सिसेरोसारख्या वक्त्याने आणि होरेससारख्या कवीनेही त्याचा असा उल्लेख केला आहे. खाला म्हणजे मातेर्तेरा. 'मातेर' म्हणजे आई हे त्यात उघडच दिसते आणि जुने कोशकार त्याची फोड 'जणू दुसरी आई' अशी करत. आणि फुफी म्हणजे अमिता. होय, अगदी आपल्याकडच्या मुलींचे असते तसे नाव. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण कानाला गंमत वाटते.

आता पुढची हकिगत ऐका. इ.स. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंच भाषेत लॅटिनचे शब्द झिजून झिजून आले होते. अवुन्कुलुस झिजून 'अंकल' झाला. अमिता झिजून 'आंट' झाली. तेराव्या शतकाच्या सुमारास हे दोन शब्द इंग्रजीत रुळले आणि त्यांनी सगळी जागा व्यापली. म्हणजे इंग्रजीत मामूने चाचाला गिळले आणि फुफीने खालाला गिळले. आज इंग्रज मुलगा आपल्या चाचाला अंकल म्हणतो तेव्हा मुळात तो त्याला मामू म्हणत असतो. आपल्या खालाला आंट म्हणतो तेव्हा मुळात तो तिला फुफी म्हणत असतो. त्याला हे माहीत नसते, आणि माहीत नसल्याने त्याचे काही अडतही नाही.

याहून गंमत 'कझिन' शब्दाची आहे. त्याचे मूळ जो लॅटिन शब्द, त्याचा नेमका अर्थ मावसभाऊ, खालाजाद भाई. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ हे सगळे पुढे त्याच एका शब्दात भरले गेले. म्हणजे इंग्रजीत खाला हरवली, पण तिचा मुलगा मागे राहिला आणि सगळ्यांचा भाऊ होऊन बसला.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजांना नात्यांची किंमतच नव्हती. आम्हीही आधी मनात तेच म्हटले होते. पण तसे नाही. फ्रेंच शब्द येण्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही चार शब्द वेगवेगळे होते. मामू तो एआम, चाचा तो फॅडेरा, खाला ती मोद्रिये आणि फुफी ती फाथू. यांपैकी मामूचा शब्द स्कॉटलंडकडच्या बोलीत बराच काळ टिकून राहिला. बाकीचे गेले. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातही एके काळी खाला होती, तिला हाक मारायचा शब्द होता, तो आईच्या शब्दावरूनच बनलेला होता. परक्या भाषेचा मान वाढला, मोठ्या लोकांच्या घरातले शब्द छान वाटू लागले आणि पाच-सहा पिढ्यांत घरचे शब्द मागे पडले. हे कोणी जुलूम करून केले नाही. आयाबायांनीच मुलांना तसे बोलायला शिकवले असणार.

आमच्या आवडीचे एक इंग्रज विनोदी लेखक आहेत, पी. जी. वुडहाउस. त्यांच्या बर्टी वूस्टरच्या गोष्टींत दोन आंट फार गाजलेल्या आहेत. आंट अगाथाच्या नुसत्या नावाने बर्टीला घाम फुटतो. आंट डालिया शिव्या देते, पण जीव लावते. मराठीत सांगताना कोणी या दोघींना मावशी करून टाकील. पण दोघीही बर्टीच्या वडिलांच्या बहिणी आहेत. म्हणजे त्या फुफ्या आहेत! हे कळल्यावर अगाथाबाईंचा धाक आम्हाला एकदम पटला. आमच्या फुफूला पाहिलेल्या कोणालाही पटेल. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1924 साली दक्षिण आफ्रिकेतील लोकांमध्ये आईच्या भावाचे स्थान काय, यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवले की, तिथे मामाशी आईसारखी सलगी असते आणि आत्याचा मान मात्र वडिलांसारखा ठेवावा लागतो. मामा म्हणजे पुरुष रूपातली आई आणि आत्या म्हणजे स्त्री रूपातला बाप. कुठे आफ्रिका, कुठे आमचा सोलापूर जिल्हा, पण आमच्या फुफूचे वर्णन याहून चांगले आम्हाला करता आले नसते.

आता आपल्याकडे येऊ. मराठीत 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हण आहे. मांजराला मराठीत वाघाची मावशी म्हणतात आणि उर्दूत शेर की खाला. दोन्ही भाषांना मांजरात फुफी दिसली नाही, खालाच दिसली. एखादी गोष्ट सोपी नाही हे सांगायचे असेल तर उर्दूत म्हणतात, हे काही खालाजी का घर नव्हे. म्हणजे जिथे न विचारता आत जावे, झाकण उघडून खावे, ते घर खालाचे. कुरआन शरीफच्या सूरह नूरमधील 61 व्या आयतीत ज्या ज्या घरी जेवायला हरकत नाही ती घरे एकेक करून सांगितली आहेत. त्यांत चाचाचे घर, फुफीचे घर, मामूचे घर आणि खालाचे घर अशी चारही वेगवेगळी मोजली आहेत. अरबीत चारांना चार शब्द आहेत, म्हणून ते सहज जमते. इंग्रजी अनुवादकाला तिथे प्रत्येक नात्यासाठी दोन-दोन शब्द जुळवावे लागतात.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्याकडे खालाला नाम आहे, पण त्या मुलीने विचारले होते विशेषण. उर्दूत आईचे मादराना, बापाचे पिदराना, भावाचे बिरादराना. पण 'खालाना' असा शब्द आम्ही कधी वाचला नाही की ऐकला नाही. मराठीत मावसभाऊ, मावसबहीण आहेत, उर्दूत खालाजाद आहे, पण ती भावंडांची विशेषणे झाली. खालाच्या मायेचे स्वतःचे विशेषण आपल्याकडेही नाही. ज्या इंग्रजीने खालाचे नाम गमावले तिच्या कोशात विशेषण आहे, आणि ज्यांच्या घराघरात खाला आहे त्यांच्याकडे विशेषण नाही. आमच्या मते याचे कारण सोपे आहे. जी रोज समोर असते तिचे विशेषण कोण शोधत बसतो?

आता आमच्या खालाबद्दल.

आमची अम्मी 1992 मध्ये अल्लाहला प्यारी झाली तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो. आम्हाला त्या दिवसातले फक्त अंगणातले पाट आणि लोबानचा वास आठवतो. बाकीचे ऐकलेले आहे. नानी आधीच गेली होती, दादीही नव्हती. चाळिसावा झाल्यावर घरात बैठक बसली की या पोराला कोणी सांभाळायचे. अब्बा कामासाठी भिवंडीला, यंत्रमागावर. चाचा म्हणाले, आमच्या भावाचे रक्त आहे, आमच्याकडे राहील. फुफू म्हणाली, माझ्याकडे चार आहेत, पाचवा जड नाही. खाला काहीच बोलली नाही. तिचे लग्न होऊन सहा वर्षे झाली होती, मूल नव्हते. आपण बोललो तर लोक म्हणतील, हिला दुसऱ्याच्या मुलावर आपली हौस भागवायची आहे, या भीतीने ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली.

बैठकीत गल्लीतल्या मशिदीचे मौलाना होते. त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही, फक्त एक प्रसंग सांगितला. तो वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. हजरत हमजा 3 हिजरीत, म्हणजे इ.स. 625 मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांची लहान मुलगी मक्केत होती. 7 हिजरीत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) उमरा करून मक्केहून निघाले, तेव्हा ती मुलगी 'चाचा, चाचा' अशी हाक मारत मागे धावत आली. हजरत अली यांनी तिचा हात धरला. मग तिला कोणी वाढवायचे यावर तिघांचे म्हणणे पडले. हजरत अली म्हणाले, ती माझ्या चाचाची मुलगी आहे. हजरत जैद म्हणाले, हमजा माझे मानलेले भाऊ, म्हणून ती माझी पुतणी आहे. हजरत जाफर म्हणाले, ती माझ्याही चाचाची मुलगी आहे आणि शिवाय तिची खाला माझ्या घरात आहे. हजरत जाफर आणि त्यांच्या पत्नी अस्मा बिन्त उमैस हबशातून त्याच वर्षी परतले होते. पैगंबरांनी मुलगी त्या खालाच्या हवाली केली आणि खालाचा दर्जा आईचा असतो असे सांगितले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. तिघांनाही त्यांनी मायेचे शब्द सांगितले, म्हणजे कोणी मन दुखावून परत जाऊ नये.

मौलानांनी एवढे सांगून चहा घेतला आणि उठले. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग फुफूच उठली, स्वयंपाकघरात गेली आणि खालाला म्हणाली, "हात धो और बच्चे को ले." फुफू कडक होती असे आम्ही वर लिहिले. पण आमच्या आयुष्यातले ते वाक्य तिचे आहे, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे.

चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका निकालाने आमचे बालपण ठरले. पुढे कायद्याच्या पुस्तकातही आम्ही वाचले की, हनफी मताप्रमाणे लहान मुलाला सांभाळण्याच्या हक्कात नानी-दादी आणि बहिणींनंतर खाला येते आणि तिच्या मागून फुफी. पण मुलगा सात वर्षांचा होईपर्यंतच. नंतर तो बापाचा. हे खालालाही कोणीतरी सांगितले असावे. कारण आम्हाला सातवे संपले त्या वर्षी, 1995 मध्ये, अब्बा भिवंडीहून आले तेव्हा तिने आमचे कपडे इस्त्री करून एका पिशवीत भरून ठेवले होते. अब्बांचे दुसरे लग्न झाले होते. ते रात्री राहिले. रात्री कधीतरी आम्हाला खोकल्याची ढास लागली आणि खाला अंधारातच उठली, दिवा न लावता तिने आमच्या छातीला तेल चोळले आणि पुन्हा झोपली. अब्बा जागे होते. सकाळी त्यांनी पिशवी भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "इस साल की शाळा होने दो." त्यानंतर कोणत्याच साली तो विषय निघाला नाही.

खालू एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. खाला ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. आमची फी त्या मशीनवर निघाली, बी.एड.चीसुद्धा. शाळेत सगळी मुले आपल्या आईला अम्मा, अम्मी म्हणायची. दुसरीत असताना एकदा आम्हीही तिला अम्मी म्हणून हाक मारली. तिने मशीन थांबवली. म्हणाली, "नक्को रे. मेरेकू अम्मी नक्को बोल. अम्मी तेरी जन्नत में है, वो सुनेगी तो क्या बोलेगी? मैं खालाच अच्छी." त्या वेळी आम्हाला वाईट वाटले होते. हिला आपण नको आहोत की काय, असेही वाटले. आता कळते की तिला आपल्या बहिणीची जागा घ्यायची नव्हती. ती तिला राखायची होती. आणि स्वतःची जागाही सोडायची नव्हती. दोन्ही जागांना दोन वेगळे शब्द होते म्हणूनच तिला ते करता आले.

2019 मध्ये तिला किडनीचे दुखणे निघाले आणि आम्ही तिला शहरातल्या एका इस्पितळात दाखल केले. दाखल करण्याचा फॉर्म इंग्रजीत होता. त्यात 'रुग्णाशी नाते' असा रकाना. आम्ही इंग्रजीचे शिक्षक, पण पेन तिथे अडले. 'नेफ्यू' लिहावे तर त्यात भांजा कळत नाही आणि भतीजाही कळत नाही. 'सन' लिहिण्याचा मोह झाला. एस अक्षर लिहिलेही होते. मग मशीन थांबवून बोललेली खाला आठवली आणि ते खोडले. 'नेफ्यू' लिहिले. खिडकीमागचा मनुष्य म्हणाला, मुलगा किंवा नवरा कोणी नाही का, सही त्यांची लागेल. खालू 2014 मध्येच गेले होते. आम्ही सांगत राहिलो, तो फॉर्मवर बोट ठेवत राहिला.

तेवढ्यात वॉर्डात काम करणारी बाई तिथे आली. सगळे इस्पितळ तिला 'मावशी' म्हणत होते. तिने विचारले, "तुमची कोण, दादा?" आम्ही म्हटले, "मावशी आहे. तिनेच वाढवलंय." ती खिडकीत वाकून त्या माणसाला म्हणाली, "अहो साहेब, मावशी आहे त्यांची, घ्या की सही." आणि सही घेतली गेली. इंग्रजी फॉर्मला जे कळले नव्हते ते तिला एका शब्दात कळले.

खाला एकोणीस दिवस तिथे होती. शेवटच्या दिवसांत तिची शुद्ध जाई-येई. शुद्धीवर आली की एकच प्रश्न, "खाया क्या?" विसाव्या दिवशी पहाटे तिने डोळे मिटले. दफन करून आल्यावर आम्ही कार्यालयात रजेचा अर्ज दिला. लिपिकाने अर्ज परत केला. म्हणाला, आंट कुटुंबात बसत नाही, किरकोळ रजा टाका. तो बिचारा नियम सांगत होता. आम्ही किरकोळ रजा टाकली. पण अर्जावर आपणच लिहिलेला 'आंट' हा शब्द पाहून तेव्हाही वाटले होते की, हे आपण काहीतरी चुकीचे लिहिले आहे. काय चुकले ते या शनिवारी ग्रंथालयात कळले. 'आंट' मुळात फुफी होती. ज्या कागदावर आम्हाला खाला लिहायची होती तिथे आम्ही नकळत फुफी लिहून आलो होतो. लिपिकाला ती कुटुंबाबाहेरची वाटली याचे मग आम्हाला फारसे नवल राहिले नाही.

सोमवारी आम्ही वर्गात गेलो आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात तो शब्द लिहिला. मटर्टरल. मुले मोठ्याने हसली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मटर का क्या?" आम्हीही हसलो. मग अमिता, मातेर्तेरा, मामूने गिळलेला चाचा, सगळे सांगितले. तास कसा संपला ते कळले नाही. त्या मुलीने शब्द वहीत उतरवून घेतला. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "सर, फॉर्म में आंट लिखूँ या ये लिखूँ?" शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता, इंग्रजीतून. आम्ही तिला सांगितले की हे विशेषण आहे, रकान्यात ते चालणार नाही. तू 'मदर्स सिस्टर' लिही. दोन शब्द लागतील, जागा कमी आहे, पण बारीक अक्षरात लिही. ती म्हणाली, "घर जाके खाला कू बताती, उनका भी अंग्रेजी में कुछ है करके."

वाचकहो, आज आपल्या घरांतून काय चालले आहे ते आपण पाहतोच. पाहुणे आले की आपण मुलाला सांगतो, "अंकल को सलाम करो, आंटी को सलाम करो." शेजारी अंकल, दुकानदार अंकल, आणि हळूहळू सख्खा चाचाही अंकल. सख्ख्या खालाला आंटी म्हणणारी मुले आमच्याच वर्गात आहेत आणि त्यांचे आईबाप त्यात कौतुक मानतात. आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही, आमचे पोटच इंग्रजीवर आहे. पण त्याच इंग्रजीच्या इतिहासाने आम्हाला हे दाखवले की, घरचे चार शब्द असे कौतुकानेच जातात. गेल्यावर माणसे राहतात, मायाही राहते. इंग्रज मुलाला त्याची मावशी कमी जीव लावते असे आम्ही म्हणणार नाही. पण कोणाचा कोणावर काय हक्क आहे आणि पोरके पोर कोणाच्या दारी न्यायचे, हे त्या चार शब्दांत साठवलेले असते. ते पुसले की दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते, खिडकीपाशी उभे राहून, फॉर्मवर बोट ठेवून. आणि दर वेळी सोडवायला एखादी मावशी तिथे असेलच असे नाही.

म्हणून एवढीच विनंती. मुलांना इंग्रजी जरूर शिकवा, मटर्टरलसुद्धा शिकवा. पण दारात मामू आला तर त्याला मामू म्हणू द्या, चाचाला चाचा, फुफीला फुफी आणि खालाला खाला.

आमच्या खालाच्या कबरीवर नावाची पाटी नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. नाहीतर त्यावर नात्याचा रकाना आम्हीच भरला असता आणि या वेळी चुकलो नसतो. अल्लाह तिला आणि आमच्या अम्मीला, दोघी बहिणींना, जन्नतुल फिरदौसमध्ये जवळजवळ जागा देवो. आमीन.